फळ्यावरच्या खालच्या तीन ओळी

मित्रांनो, उद्या तुमच्या शाळेतली चार दांडगी पोरं मला न्यायला येणार आहेत. काल गुरुजी सायकलींच्या शेडमध्ये आले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "लाकूड चांगलं हाय. काळा रंग दिला की लय वर्सं चालंल." माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नाही, कारण माझं तोंड भिंतीकडे आहे. म्हणून रंग लागायच्या आत मी कोण ते मीच सांगतो.

मी आरोग्य उपकेंद्राचा आकड्यांचा फळा. कराडच्या खाली, कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्याच्या अगदी वेशीवर आपलं गाव आहे. माझी चौकट कराडच्या सुताराने केली आणि अंगावरची अक्षरं रहिमतपूरच्या सयाजी पेंटरने पिवळ्या ऑइलपेंटमध्ये काढली. लोकसंख्या, जोडपी, गरोदर माता, जन्म, मृत जन्म, अर्भक मृत्यू. प्रत्येक शब्दापुढे खडूने आकडा लिहायला मोकळी जागा. एवढं झाल्यावर सयाजीने ब्रश धुवायला घेतला, तेव्हा नर्स शालूबाई त्याला म्हणाल्या, "थांब रं. खाली अजून तीन ओळी काढायच्यात."

"बाई, एवढं कोन वाचतंय?"

"न वाचंना कुनी. पन लिहिनाऱ्याला म्हाईत पायजे, कशाला काय म्हनायचं ते."

त्या तीन ओळी अजून माझ्या अंगावर आहेत. जन्मल्यावर श्वास, काळजाचा ठोका, नाळेची धडधड किंवा अंगाची हालचाल, यांतली एक खूण क्षणभर जरी दिसली, तरी तो जिवंत जन्म. महिने कितीही भरलेले असोत. एकही खूण दिसली नाही, तर तो मृत जन्म. आणि जिवंत जन्मलेलं मूल वर्षाच्या आत गेलं, तर तो अर्भक मृत्यू. सयाजीने या ओळींचे जास्तीचे पैसे घेतले नाहीत. जागा अपुरी पडल्यामुळे अक्षरं मात्र बारीक काढली.

शालूबाई घरोघर फिरून मोजत. मळ्यातल्या वस्तीवर जात, ऊसतोडीच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांतही जात. तिथल्या बायका म्हणायच्या, "आमी हितल्या न्हाई, बाई." त्या म्हणायच्या, "पोटातलं पोर तर हितंच हाय नव्हं? मग लिवते." संध्याकाळी परत आल्या की पाय पाण्यात बुडवायच्या आणि मगच खडू हातात घ्यायच्या. माझ्यावर तेव्हा अर्भक मृत्यूपुढे कधी तीन लिहिलं जायचं, कधी एक. ते पाहून त्यांना रडू यायचं, पण आकडा त्यांनी कधी पुसला नाही. वरचे साहेब त्यांना "तुमच्याकडंच कसं एवढं मरतंय?" असं विचारत. मोजणारी बाई होती म्हणून दिसत होतं, हे त्या साहेबांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

शालूबाई निवृत्त झाल्या आणि माझी अब्रू गेली. गावची लोकसंख्या किती, याची चार उत्तरं तयार झाली. जनगणनेची वेगळी, अंगणवाडीची वेगळी, रेशनची वेगळी आणि माझ्यावरची सगळ्यांत सोपी: गेल्या वर्षीच्या आकड्यात वीस मिळवायचे. उंबरा ओलांडावा लागत नाही, की कुत्रं भुंकत नाही. ऊसतोडीची माणसं या चारपैकी एकाही आकड्यात नव्हती. फॅक्टरीच्या गाळपाचा आकडा मात्र त्यांच्याच घामाने दरवर्षी वाढत होता आणि तो किलोपर्यंत अचूक असे.

मग आले पर्यवेक्षक उदयसिंह. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांतलं एक पेन लिहिताना मी कधी पाहिलं नाही. त्यांना शून्याचं भारी वेड. शून्य काढायला अक्कल लागत नाही, खडू गोल फिरवला की झालं. अर्भक मृत्यूपुढे त्यांनी तीन वर्षं शून्य काढलं आणि दरवर्षी त्या शून्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. उपकेंद्राचं नाव बक्षिसासाठी वर गेलं. औषधांचं लोखंडी कपाट त्यांनी माझ्या पुढ्यात असं ठेवलं, की वरचं शून्य दिसावं आणि खालच्या तीन ओळी झाकल्या जाव्यात. हे त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. मुद्दाम करायला आधी त्या ओळी वाचाव्या लागतात.

आता चंदनाचं सांगतो. ती सुंदरीबाईंची मुलगी, आपल्याच गावची. सासर सांगलीकडे, नवऱ्याचं नाव भरतेश मगदूम. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात इथं आलेली. एका सकाळी शेंगा फोडता फोडता तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. गाडीला फोन केला, पण गाडी यायच्या आतच सगळं होणार हे दिसत होतं. बाळंतपणाच्या खोलीत बक्षिसाचे फ्लेक्स आणि खोकी रचलेली होती. त्यामुळे नर्स राजेश्वरीने बाहेरच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तपासणीच्या खाटेवर, माझ्या समोरच, चंदना बाळंत झाली.

मुलगा झाला. मूठभर जीव, रडला तो मांजराच्या पिलाएवढाच. राजेश्वरी त्याच्या नाकातोंडावर रबरी फुगा धरून, दाबून दाबून श्वास देत होती. सुंदरीबाईंना काय करावं सुचेना. मग त्या खाली वाकल्या आणि नातवाच्या कानात णमोकार म्हणू लागल्या. आपल्याकडच्या जैन घरांतून तान्ह्याच्या कानावर पहिला तोच मंत्र घालतात. त्या बोटांच्या पेरांवर मोजत होत्या आणि त्यांच्याबरोबर मीही मोजत होतो. तिसऱ्या वेळी बाळाने त्यांची करंगळी धरली. नवव्या वेळी सोडली. राजेश्वरीने घड्याळ पाहून वहीत लिहिलं: जन्म बारा दहा, मृत्यू बारा सतरा. तिने खरं तेच लिहिलं.

उदयसिंह तासाभराने आले. खाटेकडे त्यांनी पाठ केली आणि माझ्याकडे तोंड केलं. त्यांना आधी शून्याची काळजी. मग चंदनाच्या सासरकडच्या, सांगली जिल्ह्यातल्या पर्यवेक्षकाशी फोनाफोनी सुरू झाली.

"पोरगी सासरची हाय ओ. जिल्हा तुमचा. पोर बी तुमचंच धरा."

पलीकडचा माणूस तितकाच हुशार निघाला. तो इतका मोठ्याने बोलत होता की भिंतीलाही ऐकू आलं. "जन्म तुमच्यात, मरन तुमच्यात, आन् आकडा आमच्यात व्हय?"

दोन जिल्ह्यांची दोन मोठी माणसं एका मूठभर पोराला वेशीवरून इकडून तिकडे ढकलत होती. खाटेवर पोराची आई जागी होती. तिने सगळं ऐकलं. शेवटी उदयसिंहांनी फोन ठेवला आणि राजेश्वरीला म्हणाले, "सातव्या म्हैन्याचं पोर. त्ये कसलं जन्मलं? फॉर्मावर मृत जन्म लिही. तुझी ऑर्डर अकरा म्हैन्याची हाय, ध्यानात ठेव." राजेश्वरी कंत्राटी नर्स होती. तिने फॉर्म भरला. माझ्यावर मृत जन्मापुढे एक चढला आणि अर्भक मृत्यूपुढचं शून्य होतं तसंच राहिलं. तो खोटा आकडा मी अंगावर घेतला. मला स्वतःचीही किळस आली, पण फळ्याला थुंकता येत नाही.

मृत जन्माच्या कागदावर नाव लावत नाहीत. चंदनाने घरात मुलाचं नाव ठेवलं होतं, आर्जव. पंचायतीत तिला सांगितलं, "पोर जन्मलंच न्हाई, तर दाखला कशाचा?" तिला पैसा नको होता, भरपाई नको होती. आपला मुलगा जन्माला आला होता, एवढं एका कागदावर लिहून हवं होतं. घरचे म्हणाले, विसर आता. तिला विसरायचं नव्हतं.

दीड महिन्याने ती आईला घेऊन राजेश्वरीकडे आली. नेमकी त्याच दिवशी बक्षिसाची समिती यायची होती. उदयसिंह सकाळपासून आरडाओरडा करत होते. फोटोत फळा पूर्ण यायला हवा, म्हणून त्यांनीच कपाट बाजूला घ्यायला लावलं आणि त्यांनीच ओल्या फडक्याने मला खालपर्यंत पुसायला लावलं. इतक्या वर्षांची धूळ निघाली आणि सयाजीची बारीक अक्षरं लख्ख दिसू लागली. बाकावर चंदना बसली होती. कुणी आपल्याकडे बघत नाही म्हणून ती समोरचं वाचत बसली. मग उठून जवळ आली आणि तिने पहिली ओळ मोठ्याने वाचली. शब्द न् शब्द. तेवढ्या वर्षांत ती ओळ मोठ्याने वाचणारी ती पहिली.

"साहेब, हे काय लिवलंय?" सुंदरीबाईंनी विचारलं.

"मावशी, जुना बोर्ड हाय त्यो. आता समदं ऑनलाइन असतंय."

"ऑनलाइन मदी श्वासाला येगळं काय म्हन्त्यात?" सुंदरीबाई उभ्या राहिल्या. "नऊ णमोकार ऐकलं माझ्या नातवानं. ही करंगळी धरली हुती त्यानं. मेलेलं पोर करंगळी धरतंय व्हय?"

उदयसिंहांनी घड्याळ पाहिलं. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. "सिस्टर, ह्यास्नी आत न्या. लवकर."

राजेश्वरी आत गेली, पण एकटीच. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती वही होती. बारा दहा, बारा सतरा असं लिहिलेलं पान उघडून तिने ते चंदनाच्या हातात दिलं. मग खडू घेतला. मृत जन्मापुढचा एक पुसला. जन्माच्या आकड्यात एक मिळवला. आणि अर्भक मृत्यूपुढचं ते गुळगुळीत, पाळलेलं शून्य तिने तळहाताने पुसलं आणि तिथं एक लिहिला.

"आगं, काय करतीस?" उदयसिंह ओरडले.

"फळ्यावर लिवलंय तसं करतेय, सर," राजेश्वरी म्हणाली.

समिती आत आली. माझ्यावरचा एक पाहून तिच्यातल्या एकाने नाक मुरडलं आणि बक्षीस दुसऱ्या गावाला गेलं. तिथं शून्य होतं. त्या गावात कुणाकुणाची वही फाडली असेल, हे विचारायला कुणी गेलं नाही. राजेश्वरीची अकरा महिन्यांची ऑर्डर संपल्यावर नवी आली, ती पाटणच्या वरच्या डोंगरातली. तिथंही ती वहीत वेळ लिहीत असेल. चंदनाला वहीच्या नकलेवरून दुरुस्ती मिळाली. दोन दाखले आले, एक जन्माचा आणि एक मृत्यूचा. दोन्हींवर तारीख एकच आणि नाव एकच, आर्जव भरतेश मगदूम. ती ते दाखवायला उपकेंद्रात आली, तेव्हा माझ्या जागी चकचकीत टीव्ही लागला होता. त्याच्यावर पुन्हा शून्यं फिरत होती. मला उदयसिंहांनी रागाने शेडमध्ये टाकलं होतं, भिंतीकडे तोंड करून. चंदनाने मला शोधून काढलं. फटीतून हात घालून त्या बारीक ओळीवरून बोट फिरवलं आणि गेली.

उदयसिंहांनी आयुष्यात एवढंच एक चांगलं काम केलं, तेही रागाच्या भरात. माझं तोंड भिंतीकडे असल्यामुळे तो खडूचा एक कुणी पुसला नाही. तो अजून आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही मला उलटा कराल. लोकसंख्या खुशाल पुसा, ती खोटीच आहे. जोडपीही पुसा. मला काळा रंग द्या, माझ्यावर पाढे लिहा, मी तक्रार करणार नाही. फक्त फडकं लावायच्या आधी तुमच्यातल्या एकाने खालच्या तीन ओळी मोठ्याने वाचा. आणि वर जो एक दिसेल, त्याला एक म्हणू नका. आर्जव म्हणा, आणि मग पुसा.