चिंचोका गावाबाहेर गेला

मी एक जुनी पायली आहे. रिह्याच्या खोऱ्यात, गोजराबाईंच्या घरात, भाताच्या कणगीमागे माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पायली पाहिलेली नसेल. धान्य मोजायचं पितळी भांडं, पोटाने गोल, तोंडाने रुंद, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

पुण्याच्या तांबट आळीत हातोडीचे ठोके खाऊन मी घडले. गोजराबाईंच्या सासऱ्यांनी मला घेताना बोटाने वाजवलं, कानाशी धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मोजायचं भांडं आवाजावर पसंत करणारं गिऱ्हाईक मी पुन्हा पाहिलं नाही.

माझी उमेदीची वर्षं खळ्यावर गेली. भाताची मळणी झाली की पहिलं माप माझं. त्याला कुणी 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणत. दाणे पोटात पडू लागले की आत फार लांबची माणसं हळूहळू बोलत असल्यासारखा आवाज व्हायचा, आणि मला झोप यायची. झोपेतही माणसं मात्र कळायची. घेताना सगळ्यांना वर शीग, म्हणजे काठावर चढलेली रास, हवी असे, देताना सगळ्यांचा हात माझ्या तोंडावरून सपाट फिरे. म्हणून जाणती माणसं माप घालायच्या आधीच विचारून घेत, शीग का सपाट? आधी ठरलं की भांडण नाही.

माझं कौतुकही झालं. या घरची सून रेश्मा आली, तेव्हा उंबरठ्यावर लवंडायचं माप हरवलं होतं, म्हणून तांदूळ भरून मलाच ठेवलं. मी जड. पोरीच्या अंगठ्याला लागलं, मी काही हलले नाही. "माप हलंना, आता सासूच हलवंल," असं कुणीतरी म्हणालं आणि मांडव हसला.

पुढे वजनकाटे आले. निम्मी शेतं फार्महाऊसवाल्यांनी घेतली, उरलेल्या जागेत रेश्माने भाड्याच्या खोल्या बांधल्या. मी कणगीमागे गेले. धूळ बसली. धुळीखाली बरी झोप लागते. खोऱ्यातलं धुकं सकाळी दारातून आत यायचं आणि मी अजून खळ्यावरच आहे असं वाटायचं.

रेश्माच्या खोल्यांमुळे घरात जग राहायला आलं. एका खोलीत केनियाचा विद्यार्थी. दुसरीत कोरियाचा इंजिनिअर, उरवड्याच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला. तिसरीत नेपाळची मनमाया आणि तिचा नवरा. तो त्याच कारखान्यात रखवालदार, ती फार्महाऊसवर स्वयंपाकाला. मनमायाचं आणि गोजराबाईंचं नळावर रोज वाजायचं. हिची बादली पुढे का तिची, एवढंच कारण. पण आख्खी आळी ऐकायला उभी राहायची.

एवढे देश एका अंगणात पाहून शेजारच्या फार्महाऊसच्या साहेबांना हुक्की आली. भात झोडून झालं की खळ्यावर आंतरराष्ट्रीय गाण्यांची स्पर्धा घ्यायची. जिंकेल त्याला आपल्या देशाचं जाऊन-येऊन तिकीट. भारताकडून गायला रेश्माची लेक पिंकी होती. तिचा देश रिहे, म्हणून तिला तिकिटाऐवजी मोबाईल. मनमायाने पाच वर्षांत आईला पाहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून ती भांडी घासताना गुणगुणू लागली, आणि नळावर तिचं भांडण जरा कमी पडू लागलं.

निकाल दोघांनी द्यायचा होता. एकीकडे परीक्षक: पौडला गाण्याचा वर्ग घेणाऱ्या कल्पनाताई आणि साहेबांचे दोन मित्र. दुसरीकडे गाव. गावातल्या माणशी एक चिंचोका, भाडेकरूंना नाही. चार गाणाऱ्यांची चार भांडी ओळीने मांडली. पिंकीला नवी स्टीलची बादली मिळाली. मनमायासाठी भांडं उरलं नाही, म्हणून मला पुसून आणलं.

गाणी झाली. पिंकीने मोबाईलवर संगीत लावून गायलं. तिचा सूर मध्येच गेला, पण तेव्हा गाव टाळ्या वाजवत होतं, त्यामुळे तो गेलेला कुणाला कळला नाही. केनियाच्या पोराने सगळ्यांना ठेका धरायला लावला. कोरियाचा पाहुणा खळ्यावर येताना बूट काढून आला, तिथेच त्याने म्हाताऱ्या माणसांचे चिंचोके जिंकले. गाणं नंतर. परीक्षकांना त्याचं गाणं 'हलकं' वाटलं. हलकं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. साहेबांचा एक मित्र कल्पनाताईंच्या कागदात बघून गुण लिहीत होता.

मग मनमाया उभी राहिली. डोळे मिटून, हात पदरात गुंडाळून तिने सुरुवात केली. शब्द कुणालाच कळले नाहीत. मित्रांनो, माझं पोट रिकामं होतं, आणि रिकाम्या भांड्यात सूर उतरतो. मला आवाजावर घेणाऱ्या त्या म्हाताऱ्याने जे ऐकलं असेल, ते मी तेव्हा ऐकलं. डोंगर आमचेच, पण त्यांच्यामागे आणखी डोंगर, त्यांच्यामागे पांढरे, आणि त्या सगळ्यांपलीकडे कुणीतरी दार उघडं ठेवून बसलेलं. एक-दोघी डोळे पुसत होत्या, ते मी पाहिलं.

त्याच बाया रांगेत आल्या आणि पिंकीच्या बादलीत चिंचोका टाकून गेल्या.

त्यांना दोष कसा द्यावा? भांडी उघड्यावर होती, आणि बादलीजवळ पिंकीचा बाप कैलास उभा होता. "चिंचोका गावाबाहेर जाऊ द्यायचा न्हाई," असं तो प्रत्येकाला हसत सांगत होता. हसत सांगितलेलं मोडणं जास्त अवघड. माझ्यात एकही पडला नाही.

निकाल आला तो असा. परीक्षकांचा पहिला नंबर मनमाया. गावाचा पहिला नंबर पिंकी. आणि दोन्ही वेगळे आले तर काय, हे कुणी आधी ठरवलंच नव्हतं.

"गाव मोठं का तीन माणसं मोठी?" कैलास म्हणाला.

"गाव मोठंच आहे," कल्पनाताई म्हणाल्या, "पण तुमच्या गावाने गाणं ऐकलं कुठे? आडनाव ऐकलं."

"आन् तुमी? त्यो सायबांचा मित्र तुमच्या कागदात बघत हुता, त्ये आमी न्हाई बघितलं व्हय?"

कल्पनाताईंनी आपला कागद घडी घालून ठेवला. साहेब घड्याळ बघू लागले. मनमाया तर कधीच खळ्याच्या कडेला जाऊन पेंढ्यावर बसली होती. तिने निकाल स्वतःच लावून टाकलेला दिसत होता.

तेवढ्यात रेश्मा सासूबद्दल म्हणाली, "आत्याबाईंचा चिंचोका राहिलाय. त्या चुलीपाशी हुत्या."

साहेबांनी सुटका झाल्यासारखं विचारलं, तो चिंचोका ठरवेल, चालेल? कैलास लगेच हो म्हणाला. आजी नातीची आणि वैर नळाचं, त्याला कसली काळजी. कल्पनाताईंनी नाइलाजाने मान हलवली.

गोजराबाई पिठाचे हात पुसत आल्या. पदराची गाठ सोडून चिंचोका काढला.

"कुणाला इचारताय?" त्या म्हणाल्या. "पिंकीच्या आजीला का माज्या कानाला?"

"आये, टाक की मुकाट्यानं," कैलास म्हणाला.

"मुकाट्यानंच टाकतीया."

आणि चिंचोका माझ्यात पडला. एकटाच. पितळेत एकटा दाणा पडला की आवाज फार लांब जातो.

"आये, अगं तुजी नात हाय ती," कैलास म्हणाला.

"हाय. उद्या तिला गोड करून घालीन. सूर गेला तिचा, चुलीपातुर ऐकू आलं." मग पेंढ्याकडे बघून म्हणाल्या, "आन् तू लगीच फुगू नगंस. नळावर बादली माजीच फुडं."

मनमाया उठून पुढे आली. "आजी, तुम्ही मला..." एवढंच म्हणाली. पिंकी आठवडाभर आजीशी बोलली नाही.

मित्रांनो, निकाल बरोबर लागला असं मला वाटतं. पण तो बरोबर लागला एका म्हातारीच्या पायी, आणि अशी म्हातारी दर खळ्यावर भेटेलच असं नाही. गाव आपल्या माणसाकडे झुकतं, जाणकार आपल्या आवडीकडे झुकतात. झुकणं माणसाचं आहे, त्याला इलाज नाही. पण नियम आधी ठरवणं आपल्या हातात आहे, आणि मत झाकून देता येणंही. आम्हा जुन्या भांड्यांना जपा, न जपा. तुमच्या मुठीत कधी एखादा चिंचोका आला, तर तो टाकण्याआधी कोण बघतंय ते विसरा आणि काय ऐकलं तेवढं आठवा.

मनमाया निघाली त्या सकाळी धुकं उतरलेलं होतं. गोजराबाई नळावर एकट्याच उभ्या होत्या. बॅग घेऊन ती समोरून जाऊ लागली तशा म्हणाल्या, "लई दिस ऱ्हाऊ नगं तिकडं. हितं भांडायला कुणी न्हाई."