चाळीस माणसांची अट

मुख्य रस्त्यावर महागड्या घड्याळांचं दुकान यावं म्हणून आमच्या नगरपालिकेने बसथांबा हलवला, दोन बाकं उचलली आणि चपला शिवणाऱ्याला मागच्या गल्लीत धाडलं. दुकान आलं. आता ते टिकवायचं होतं. रोज किमान चाळीस माणसं आत आली नाहीत तर वर्षअखेर गाशा गुंडाळू, असं कंपनीने लेखी कळवलं होतं. दारावरच्या माणसं मोजणाऱ्या यंत्राचे आकडे नगरपालिकेत माझ्या टेबलावर येत.

आकडे चांगले होते. त्रेचाळीस, शेहेचाळीस, एक्केचाळीस. साहेब खुशीत होते.

"आता शेजारचं ते बटणांचं दुकान काढू," ते म्हणाले. "रस्त्याची शोभा जाते."

ते दुकान माझ्या मावशीचं. जागा नगरपालिकेची आणि करार महिनाअखेर संपणारा.

मी मावशीला सांगायला गेले. "बत्तीस वर्षं नाही गेली ती शोभा?" एवढंच म्हणून तिने समोरच्या बाईच्या हातावर दोन बटणं ठेवली. "कापड घेऊन शेजारी जा, तिथल्या उजेडात बघ. माझ्या पिवळ्या दिव्याखाली काळं नि निळं सारखंच दिसतं."

बाई गेली. हातमोजे घातलेल्या रखवालदाराने अदबीने दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी समोर उभी राहिले. त्रेचाळीस माणसं आत गेली. अडतिसांच्या हातात कापड होतं. तिघांनी पत्ता विचारला, एक काच पुसणारा होता. एकाने खरंच घड्याळ पाहिलं आणि किंमत ऐकून पाणी मागितलं.

"तुम्ही अडवत नाही?" मी रखवालदाराला विचारलं.

"ताई, मला दार उघडायचा पगार आहे. मॅनेजरना आकडा वर पाठवायचाय. अडवेल कोण?"

साहेबांनी माझा कागद दोनदा वाचला.

"म्हणजे बटणांचं दुकान गेलं तर?"

"पाच."

"काच पुसणारा धरून?"

"धरून."

"हे बाहेर बोलला नाहीत ना?"

करार पाच वर्षांनी वाढला. त्यात एक नवं कलम होतं: दुकानदाराने दिव्यांत कोणतीही सुधारणा करू नये. मावशीने सही केली आणि विचारलं, "आणि सुट्ट्यांत माझ्याकडेच कुणी फिरकलं नाही तर?"

तसंच झालं. सुट्ट्यांच्या पहिल्याच दिवशी, बंद व्हायला अर्धा तास असताना, यंत्राचा आकडा चौतीसवर अडला होता. मी फोन केला. साहेब धापा टाकत, हातावर स्वतःचा कोट घेऊन मावशीच्या दुकानात आले.

"सहा बटणं द्या. काळी."

मावशीने सहा बटणं मांडली. "यातलं एखादं निळं असेल हं, साहेब. शेजारी बघून या." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एकेक न्या. घाई कशाला?"

साहेबांनी पहिलं बटण मुठीत धरलं आणि ते निघाले.