धाकटीचं वय

"आधी बघायचं, मग पुसायचं. पुसलंस की वय गेलं."

बाबांचं हे वाक्य थोरलीच्या कानात इतकं मुरलं होतं की फडकं हातात घेतलं की ते आपोआप ऐकू यायचं. दुकानात कुणी जुनं वाद्य घेऊन आलं आणि "किती वर्षांचं असेल हो?" म्हणून विचारलं, की बाबा आधी त्याला पालथं घालायचे. समोरून बघून वय सांगू नये, म्हणायचे. तोंडाला सगळेच रंग लावतात, खरं काय ते पोटाला ठाऊक. धूळ, सुकलेलं वंगण, आधीच्या कारागिराने स्क्रूच्या डोक्यावर पाडलेले ओरखडे, हे त्या वाद्याचं बोलणं. त्यावर फडकं फिरलं की ते मुकं झालं.

बाबांना जाऊन आता ऋतू पालटला होता. दुकान थोरलीच चालवत होती. त्यांच्या हयातीतही शेवटची काही वर्षं तीच चालवत होती. पण आज टेबलावर कुणा गिऱ्हाइकाचं वाद्य नव्हतं. आज घरचीच पेडल स्टील गिटार काढायची होती. घरात तिला सगळे धाकटी म्हणत.

गिटार म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, तसं हिचं काही नव्हतं. ही चार पायांवर मेजासारखी आडवी उभी राहायची. वाजवणारा तिच्यापुढे खुर्ची घेऊन बसायचा, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायचा, पायाखालच्या पट्ट्या दाबायचा आणि पोटाखाली लोंबणारा खटका गुडघ्याने ढकलायचा. मग सूर एका जागी न थांबता घसरत, वळत जायचा. बाबा संध्याकाळी एका हॉटेलच्या बँडमध्ये ती वाजवत आणि घरी आल्यावर पुन्हा थोडी वाजवत. बाहेरचं लोकांसाठी, हे तिच्यासाठी, असं म्हणत.

थोरली एकुलती एक. नवीन माणूस हमखास विचारायचं, "थोरली? मग धाकटी कुठाय?" बाबा लगेच गिटारीकडे बोट दाखवायचे. "ही काय. खाते कमी, रडते जास्त." लोक हसायचे. बँडमधला ड्रमवाला तर घरात पाऊल टाकतानाच ओरडायचा, "वहिनी, सवत बरी आहे ना?" आई ओठांतल्या ओठांत हसल्यासारखं करायची. आणि बाबा वाजवायला बसले की उठून स्वयंपाकघरात जायची आणि दार लावून घ्यायची. रोज. दार आपटायची नाही. हलक्या हाताने लावायची. त्यामुळे थोरलीला लहानपणापासून पक्कं ठाऊक होतं, की आईला धाकटी डोळ्यांसमोर नको असते.

शेवटच्या आजारात बाबांनी थोरलीचा हात धरून एकच गोष्ट मागितली होती. "धाकटीला रोज एकदा हलव. एक सूर काढलास तरी चालेल. पण नेम चुकवू नकोस." थोरलीने हो म्हटलं. तिला त्यात कारागिराची काळजीच दिसली; न हलवता ठेवलं तर वंगण घट्ट होतं आणि पट्ट्या अडकतात, हे ती गिऱ्हाइकांना स्वतःच सांगायची. तिने नेम पाळला. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी एकेक पट्टी दाबायची, एक तार छेडायची, चादर ओढायची. आणि रोज त्या एका सुराला आत स्वयंपाकघराचं दार लागल्याचं तिला कळायचं.

शेवटी तिने ठरवलं. आयुष्यभर आईने दार लावून काढलं, आता तरी तिला मोकळं वाटू दे. गावातल्या संगीत शाळेच्या बाई धाकटी द्या म्हणून किती दिवस मागे लागल्या होत्या. शाळेत मुलं रोज वाजवतील. नेम मोडणार नाही, फक्त हात बदलेल. आज दुपारी शाळेची गाडी यायची होती.

सकाळीच बाईंचा फोन आला. "बायकांना वय विचारू नये म्हणतात, पण काय करू, आमच्या कार्डावर साल लिहायचंय. कधीची आहे हो तुमची धाकटी?"

"दुपारपर्यंत सांगते," थोरली म्हणाली. "आमच्याकडे कुणी वय लपवत नाही."

तिने गिटारीचे पाय उतरवले, टेबलावर घोंगडी अंथरली आणि धाकटीला पालथं घातलं. आणि इथे, दुसऱ्यांच्या वाद्यांबाबत जी चूक तिच्याकडून कधी झाली नव्हती, ती झाली. घरचं माणूस आपण नीट बघत कुठे असतो! तिला वाटलं, हिचं काय बघायचंय, जन्मापासून बघतेय. परक्या घरी जायची आहे, स्वच्छ होऊन जाऊ दे. तिने रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने सगळं पोट घासून काढलं. पट्ट्यांपासून तारांपर्यंत ओढ नेणाऱ्या बारीक सळया असतात. त्या एकमेकींवर खडखडू नयेत म्हणून त्यांना कसल्या तरी लोकरीच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या, तेलाने काळ्या झालेल्या. त्या तिने कात्रीने कापल्या, केराच्या डब्यात टाकल्या, आणि नव्या फेल्टच्या पट्ट्या बसवल्या. मग हात धुऊन, चष्मा पुसून ती वय काढायला बसली.

नंबराची पट्टी नव्हती. बनवणाऱ्याचं नाव कधीच गळून पडलं होतं. स्क्रूंच्या डोक्यांवर एकच सरळ खाच होती, म्हणजे जुनी खरी. टोनच्या बटणामागे एक गोल धातूची डबी असते. तिच्या पाठीवर कारखाना बारीक आकडे ठोकतो, त्यांत साल दडलेलं असतं. थोरलीने बॅटरी धरून भिंगातून ते आकडे वाचले. पुन्हा वाचले. आकडे सांगत होते ते साल तिच्या चौथ्या वाढदिवसाचं होतं.

पण ते शक्यच नव्हतं. आई-बाबांच्या लग्नाच्या फोटोत मागे ही गिटार उभी होती. थोरलीने भिंतीवरून तो फोटो काढून आणला. होतीच की. फक्त फोटोत तिच्या पोटाखाली काहीच लोंबत नव्हतं. गुडघ्याचा खटका नव्हता. थोरलीने खटक्याच्या पत्र्यावरून बोट फिरवलं. कोपरे गोल घासलेले, वाजवणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून. अशी कानस दुसऱ्या कुणाची नव्हे, बाबांची. म्हणजे गिटार लग्नाआधीची, आणि तिच्या चौथ्या वर्षी बाबांनी ती सगळी उघडून पुन्हा बांधलेली. काही बिघडल्याशिवाय स्क्रूला हात न लावणारा माणूस. काय बिघडलं होतं?

लोकरीवरून कदाचित कळलं असतं. आणि लोकर तिने टाकून दिली होती. तिने जीभ चावली.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. गुडघे दुखायचे म्हणून ती दारात जरा टेकून उभी राहायची. "निघालं का वय?"

"दोन निघाली," थोरली म्हणाली. "लग्नाआधीची आहे, पण मी चार वर्षांची असताना बाबांनी ही पूर्ण खोलली होती. का गं? मी तेव्हा मावशीकडे होते ना बरेच दिवस? तुला बरं नव्हतं म्हणून?"

आईची नजर केराच्या डब्यावर गेली होती. तिने चहाचा कप ठेवला, वाकवत नव्हतं तरी वाकली, आणि त्यातली एक काळी पट्टी बाहेर काढली. नखाने दुमड उलगडली. आतली बाजू अजून पिवळी होती. हळदीसारखी नव्हे, पिल्लाच्या पिसांसारखी फिकी.

"हे कुठे होतं?"

"सळयांना गुंडाळलं होतं. आई, तेल लागेल, टाक ते."

"दोन सुलट, दोन उलट," आई म्हणाली. "माझ्या हातचं आहे हे. स्वेटरची एक बाही पुरी व्हायची होती." ती स्टुलावर बसली. पट्टी मांडीवर सरळ करत राहिली. "मीच म्हटलं होतं त्यांना, घरात काही ठेवू नका. दुपटी नको, झबली नको, तिचं नावसुद्धा काढू नका. नाव तरी कुठे होतं? ठेवायचंच राहिलं. ती पोटात होती तेव्हापासून तुला थोरली म्हणायला लागलो होतो. म्हणून ती धाकटी."

थोरलीच्या हातातलं भिंग टेबलावर टेकलं.

"जन्मतःच छातीने कमजोर होती. दवाखाना आणि घर, घर आणि दवाखाना; म्हणून तुला मावशीकडे ठेवलं. दात यायच्या आत गेली. तू परत आलीस आणि उड्या मारत बसलीस. तुला काय सांगायचं होतं? पण तुझं थोरली हे नाव परत कसं घेणार, बाळा? लोक विचारणारच, धाकटी कुठाय म्हणून. मग यांनी..." आईने पालथ्या गिटारीकडे बघितलं. "एकदा मी ऐकलं, कुणीतरी विचारलं, आणि यांनी हिच्याकडे बोट दाखवलं. त्यानंतर मला कधी कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही."

"आणि तू दार लावायचीस."

"रडून रडून थकली की तिचा आवाज असा..." आईने हात वर धरला आणि हळूच खाली आणला. "घसरत यायचा. मग झोपायची. यांनी तो खटका बसवला ना गुडघ्याचा, त्याने अगदी तस्साच सूर काढायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं भांडं पडलं माझं. समोर बसून कसं ऐकणार? पण दाराआडून ऐकायचे. रोज. एक दिवस चुकवला नाही. तुझ्या बाबांना ठाऊक होतं. दार लागलं की मगच ते खटका दाबायचे."

थोरलीला रोजची सकाळ आठवली. एकेक पट्टी, एक तार, चादर. खटका तिने या इतक्या दिवसांत एकदाही दाबला नव्हता; पट्ट्या हलल्या की पुरे, असं धरून चालली होती. आणि आई रोज दार लावून आत उभी राहत होती, जे आलं नाही ते ऐकायला.

"मग नेऊ देतेस कशी?" तिने विचारलं. "बोललीस का नाही?"

"तुझ्या बाबांना मी बोलू दिलं नाही," आई म्हणाली. "आता मीच कुठल्या तोंडाने बोलणार? वाटलं, तुला अडगळ होत असेल."

"मला वाटलं, तुला होत असेल."

चहावर साय धरली. फोन वाजला तेव्हा थोरलीने तो उचलून खिडकीकडे तोंड केलं.

"काय मग, लागला का पत्ता?" शाळेच्या बाई म्हणाल्या. "गाडी निघतेय इकडून."

"लागला. पण गाडी पाठवू नका."

"अहो, असं ऐन वेळी? काही बिघडलं का तिचं?"

"नाही. माझंच बघायचं राहिलं होतं. मुलांना इकडे आणा कधी. दाखवीन."

तिने नवं फेल्ट एकेक करून काढलं. आईने लोकर साबणाच्या पाण्यातून काढायला घेतली होती. थोरलीने तिचा हात धरला. "धुऊ नकोस. तशीच असू दे." जिथून कापली होती तिथे आईने सुईने टाके घातले, तोंडाजवळ धरून दात लावून दोरा तोडला, आणि थोरलीने त्या पट्ट्या पुन्हा सळयांना गुंडाळल्या. कुठली सळई, कुठला वेढा, हे आता नक्की सांगता येणार नव्हतं. तेलाचे डाग जिथे जुळले तिथे तिने गुंडाळल्या. एक तुकडा उरला. तो आईने पदराच्या टोकात बांधला.

दुपारचं ऊन टेबलावरून खाली उतरलं. थोरलीने चारही पाय आवळून धाकटीला उभं केलं, पायाखालच्या पट्ट्या लावल्या, खुर्ची पुढे ओढली. बाबांची लोखंडी कांडी डाव्या हातात घेतली. ती थंडगार होती. आज सकाळचा नेम राहिलाच होता.

आई सवयीने उठली. स्वयंपाकघरापर्यंत गेली. दाराच्या कडीला हात लावून उभी राहिली, आणि मग दार तसंच उघडं ठेवून चौकटीतच बसली, पाठमोरी.

थोरलीने तार छेडली, आणि गुडघा अगदी हळू खटक्याकडे नेला.