डब्यातले गोळीकिडे

उज्ज्वला राठोड महागावच्या ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवायची आणि तांड्यावर वडिलांकडे, पूनमसिंगांकडे राहायची. सासर सोडून तिला चार वर्षं झाली होती. घराच्या मागच्या खोलीत तिनं काचेच्या टाकीत एक टॅरँटुला कोळीण पाळली होती. तळहाताएवढी, केसाळ, काळपट मादी. ती तिला आणून दिली होती चुलतभावानं, बादलनं. त्याच्या वावरात शेततळं खोदताना जेसीबीनं बीळ उकललं. मजूर फावडी घेऊन धावले, पण बादलनं तिच्यावर रंगाचा रिकामा डबा पालथा घातला.

"घे, तुया कॉलेजची पाहुणी," तो हसत म्हणाला होता.

पहिल्या वर्षी टाकीला बुरशी धरली. टॅरँटुला नाकतोड्यावर झडप घालायची, पाय झाडत असतानाच त्याला चिरडून रस शोषायची आणि उरलेला चोथा कोपऱ्यात टाकायची. तो ओल्या मातीत सडायचा, त्यावर पांढरे बारीक किडे वळवळायचे. मग उज्ज्वलानं मोबाइलवर वाचून रांजणाखालच्या ओलीतून गोळीकिडे आणून सोडले. राखाडी, हात लावला की गोळी होणारे. ते सडकं तेवढं खायचे. महिन्याभरात टाकीचा वास गेला. जादा किडे तिनं एका प्लास्टिकच्या डब्यात पळसाच्या कुजक्या पानांत ठेवले, तर मूठभराचे शेकडो झाले. डबा उन्हाची तिरीप लागू नये म्हणून ओसरीवर असायचा. येणारेजाणारे बघायचे आणि तोंड वाकडं करायचे.

दोन हजार सतराच्या दिवाळीनंतर गुलाबी बोंडअळीनं सगळ्यांचे हातपाय गाळले. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि पिवळा, कुजका कापूस. लोक कृषी केंद्रावर जाब विचारायला गेले, तेव्हा दुकानदार विठ्ठलराव म्हणाला, "बियाणं खरं हाय. तुमच्या तांड्यातच किडे पोसून राह्यले, त्याले मी काय करू? डब्यानं पोसते म्हणे ते मास्तरीण."

बादलला पहिल्यांदा हे पटलं नाही. पण मग तीन दिवस तो वावरात बसून नखांनी बोंडं फोडत राहिला. चौथ्या दिवशी, भर दुपारी, फवारणी अर्धी टाकून तो चौघांना घेऊन आला. पाठीवर पंप तसाच होता.

त्याच सकाळी टॅरँटुला कात टाकायला पाठीवर उलटी झाली होती. जुनी कातडी फाटून निम्मे पाय बाहेर आले होते, दुधासारखे मऊ. अशा वेळी धक्कासुद्धा तिला मारतो. उज्ज्वलानं आतले नाकतोडे काढून घेतले होते, नाहीतर त्यांनीही तिला कुरतडलं असतं. गोळीकिडे तेवढे राहू दिले होते.

"डबा कुठी हाय?" बादलनं विचारलं.

"ओसरीवरच हाय, बादलभिया. पाह्य ना." तिनं एक किडा तळहातावर घेतला. तो गोळी झाला. "अळी अशी गोळी होते काय? हा हिरव्या पानाले तोंड लावत नाई. कुजकंच खाते."

बादल वाकून बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण क्षणभर सैल पडला. तेवढ्यात मागच्या एकानं डब्याला लाथ घातली. पानं, माती, किडे अंगणभर उडाले आणि चौघंही त्यांच्यावर बूट आपटू लागले. कोणी आईवरून शिव्या देत होतं. पूनमसिंग मध्ये पडले, त्यांना कोणीतरी ढकललं, म्हाताऱ्याचं डोकं उंबऱ्यावर आपटलं.

बादल मागच्या खोलीत शिरला.

"भिया, तिले नको! कात टाकून राह्यली ते. आजचा दिवस थांब, उद्या मी सोता तिले रानात सोडतो!"

"माह्या वावरातूनच आणली ना मी हे?" तो म्हणाला. "माह्या वावरातून!" आणि त्यानं टाकीचं झाकण भिरकावून आत नळी धरली.

औषधाची धार मऊ अंगावर पडली. टॅरँटुलाचे आठही पाय एकदम आखडले, ताणले, पुन्हा आखडले. अर्धी कातडी तिला चिकटलेलीच होती. बादलनं नळी खाली केली. तो टाकीत बघत उभा राहिला.

त्यानं नळी खाली केली होती, हे उज्ज्वलानं पाहिलं होतं. पुढे ती स्वतःशी हे कधी नाकारू शकली नाही. भिंतीला वखराची लोखंडी पास, माती खरवडायचं लांब जड पातं, टेकलेली होती. तिनं ती दोन्ही हातांनी उचलून मागून त्याच्या डोक्यावर घातली. तो वळला तशी दुसऱ्यांदा घातली. त्यानं आडवा धरलेला हात कोपरावर मोडला, त्याचा आवाज तिला ऐकू आला. तिसरा घाव पंपावर बसला. पंपाची टाकी फुटून औषध त्याच्या डोक्याच्या जखमेवर उसळलं आणि मानेवरून, पाठीवरून वाहू लागलं. चौघं पळाले.

"मारशीन तू त्याले!" पूनमसिंग रक्ताळल्या कपाळानं दारात ओरडले.

बादल गुडघ्यांवर आला. तोंडातून लाळ गळत होती, गालाचे स्नायू उडत होते. पास तिच्या हातून सुटली. तिनं पंपाचे पट्टे कापले, सदरा फाडून काढला आणि त्याला फरफटत मोरीवर नेलं. साबण आणि बादल्यांमागून बादल्या पाणी. तो ओकत होता, मोडका हात लोंबत होता. "डोळे मिटू नको," ती त्याला थोबाडीत मारत ओरडत होती, "भिया, डोळे मिटू नको!"

महागावहून त्याला यवतमाळला हलवलं. त्या वॉर्डात फवारणीची बाधा झालेले मजूर ओळीनं पडलेले, औषधाच्या भ्रमात हात झाडू नयेत म्हणून खाटांना बांधलेले. बादलचा चांगला हात बांधला. अकरा दिवसांनी तो शुद्धीत बोलला. पोलिसांना त्यानं सांगितलं, पंप घेऊन बांधावरून पडलो. तांड्यातल्या जाणत्यांनी तसं ठरवलं होतं. घरात घुसल्याची तक्रार नाही, मारल्याचीही नाही. उज्ज्वलाला खरं सांगायचं होतं, पण वडिलांनी हात जोडले.

त्याचा डावा हात पुन्हा सरळ झाला नाही.

पुढच्या वर्षी वेचणीला ती न बोलावता त्याच्या वावरात गेली. बादलची बायको चंदाबाई कमरेला ओटी बांधून उभी होती.

"काहून आली? एक हात मोडला तेवढा पुरे नाई झाला काय?"

बादल पलीकडच्या ओळीत एका हातानं बोंडातला कापूस ओढत होता. झाड हलायचं, अर्धा कापूस बोंडातच राहायचा. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"माह्या मागून ये," तो म्हणाला. "राह्यलेला काढत ये."