समुद्राकडच्या खिडक्यांचा निळा दोरा

दुपारी वारा थांबला आणि डोमिनिका बेटावरचे आन्स-वेर गाव रस्त्यावर उतरले. तीन तास समुद्रावरून चालून आलेले वादळ एकाएकी निपचित पडले होते, डोक्यावर निळे आभाळ उघडले होते. घराघराच्या खिडक्या मिटलेल्याच होत्या. त्यांच्या झडपांना आतून बांधलेला गावचा मांत्रिक पापा आसेफी याने मंतरलेला निळा दोरा जागचा हलला नव्हता. कोणी गुडघे टेकले, कोणी रडू लागले.

"मी काय सांगितलं होतं?" आसेफी हात उंचावून म्हणाला. "लोखंड म्हणजे वाऱ्याची सवत. ती घरात दिसली की तो पिसाळतो. तुम्ही सवत हाकललीत, तो निवला."

परवाच त्याने साऱ्या गावाच्या खिडक्यांचे लोखंडी अडसर काढवून घेतले होते आणि होडीत घालून शहराकडे रवाना केले होते. वोल्मारनेही आपल्या घरचा अडसर दिला, आईचा शब्द डावलून. त्या घरात आता त्याची बायको रोझेल नऊ दिवसांचे बाळ घेऊन बसली होती.

वोल्मारची आई ओर्तान्स गुडघे टेकणाऱ्यांतली नव्हती. वयाच्या बाराव्या वर्षी असेच निळे आभाळ पाहिल्यावर तासाभरात तिने वडिलांचे छप्पर उडताना पाहिले होते.

"हा वादळाचा डोळा आहे," ती म्हणाली. "अर्ध्या तासात मिटेल. मग वारा डोंगराकडून येईल."

"डोंगराकडून? वारा?" शेजारीण नेस्ता हसली. या गावात समुद्राच्या अंगालाच 'वारा' म्हणत. डोंगराला पाठ लावलेल्या घरांना मागे खिडकीच नव्हती. "मावशी, ओल्या बाळंतिणीच्या दारात असं अभद्र बोलू नका हो."

"तिच्यासाठीच बोलते आहे. वोल्मार, खिडकी बाहेरून ढकल."

त्याने ढकलली. झडपा हलल्या नाहीत.

"रोझेल, दोरा सोड. वोल्मार, आता पुन्हा ढकल."

झडपा चौकटीवर टेकून तशाच राहिल्या.

"दोरा पुन्हा बांध, रोझेल. आता आतून एका बोटाने बाहेर लोट."

दोरा तट्कन तुटला आणि झडपा सताड उघडल्या.

"तीन तास समुद्राचा वारा झडपा चौकटीवर दाबून धरत होता," ओर्तान्स म्हणाली. "वाराच अडसर झाला होता, दोऱ्याला काही कामच नव्हतं. आता छपरावरून उतरणारा वारा याच झडपा बाहेर ओढणार. त्या उघडल्या की वारा आत शिरतो आणि छप्पर उचलतो."

"श्रद्धा उणी पडली की दोरा तुटतो, मावशी," आसेफी म्हणाला.

"तीन तास पुरली आणि सुनेच्या एका बोटाला उणी पडली? चल, तुझी खिडकी लोटून दाखव."

"ती देवघराची आहे. तिला हात लावायचा नाही."

वोल्मारने त्याला बाजूला सारले आणि त्याच्या घरात जाऊन देवघराची खिडकी लोटली. ती हलेना. त्याने पडदा ओढला. झडपांवर एकाखाली एक असे दोन लोखंडी अडसर बसवले होते.

"पापा," नेस्ता हळूच म्हणाली, "आमची सवत हाकललीत आणि स्वतः दोन नांदवता?"

कोणी हसले नाही. डोंगरमाथ्यावरची झाडे समुद्राकडे झुकू लागली होती. नवे अडसर घडवायला वेळ नव्हता, लाकूडही कोरडे नव्हते. गावात अडसर असलेले घर एकच उरले होते.

"सगळे इथेच," ओर्तान्स म्हणाली. "रोझेल आणि बाळ आधी. त्या कोपऱ्यात."

"आई, मी..." वोल्मार म्हणाला.

"नंतर बोल. दार लाव."

आसेफीच्या त्या दोन खोल्यांत गावातली सव्वीस माणसे कोंबून बसली. वारा डोंगरावरून कोसळला तेव्हा झडपांना बाहेरून जणू कोणी हिसके देऊ लागले. वोल्मार अडसराला लोंबकळला. त्याच्या शेजारी, घामाने डबडबलेला, आसेफीही. लोखंड वाकले, पण निघाले नाही. बाहेर एकेक खिडकी उघडल्याचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजाला कोणीतरी आपल्या घराचे नाव घेत होते. पहिले नाव ओर्तान्सने घेतले.

संध्याकाळी गावावर तीनच छपरे उरली. माणसे सव्वीसच्या सव्वीस उरली आणि नऊ दिवसांचे बाळ दूध पीत होते.

देव ज्याचा त्याने मानावा. त्याला कोणाची हरकत नाही. पण जो तुमच्या घराचा अडसर काढायला सांगतो, त्याला आधी एवढेच विचारा की त्याने स्वतःच्या खिडकीला काय लावले आहे. आणि त्याच्या उत्तरावर विसंबू नका. पडदा सारून पाहा.