पंधरा मिनिटांचं पाणी

मी ऐनाच्या लाकडाचा एक ठोकळा. लांबी दीड वीत, जाडी मनगटाएवढी, मधोमध आरपार भोक आणि दोन्ही टोकांना दोरी बांधायला खाच. मला बघून काय काम करत असेन ते कुणाला ओळखता यायचं नाही, म्हणून मीच सांगतो. गायीच्या किंवा म्हशीच्या दाढांमध्ये मला आडवं बसवायचं आणि दोरी शिंगांमागे बांधायची, की जनावराला तोंड मिटता येत नाही. मग औषधाची नळी भोकातून थेट पोटात सोडता येते. हात घालायचा असेल तर मला जरा एका बाजूला सरकवायचं. आठ वर्षं मी हेच केलं.

मला किन्हवलीच्या लडकू सुताराने घडवलं. डॉ. नम्रता कागदावर चित्र काढून घेऊन गेल्या होत्या. त्यांच्याकडे आधी लोखंडी साधन होतं, पण त्याने जनावरांच्या हिरड्या सोलवटायच्या. लडकूने चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"बाई, लाटन्याला भोक कशाला?"

"लाटणं नाही हो. गायीच्या तोंडात धरायचंय."

लडकूने कागद बाजूला ठेवला. दारात बांधलेल्या आपल्याच बैलाचा जबडा उघडून बोटांनी माप घेतलं आणि रंधा उचलला. "जिभेला टोचाय नको," असं म्हणत पुढे दोन दिवस तो मला घासत बसला होता.

नम्रता आणि त्यांचे यजमान डॉ. आदेश, दोघंही जनावरांचे डॉक्टर. त्या मुरबाडकडच्या, ते शहापूरचे. परळच्या कॉलेजात एका वर्गात होते, तिथेच जमलं. शहापुरात मुरबाड रस्त्याला त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना आणि मागे घर. पाटीवर दोघांचीही नावं आहेत, तरी सुरुवातीला लोक नम्रतांना विचारायचे, "डॉक्टर कधी येतील?" त्या म्हणायच्या, "आलेत. बोला."

मी दोघांचाही होतो. पोटफुगीचा फोन ज्याला येई, त्याच्या पिशवीत मी. त्यामुळे मला दोघांची रीत चांगली ठाऊक झाली. आदेश गोठ्यात शिरले की आधी मालकाशी बोलत. भात कसं झालं, पोरगा आसनगावला लागला का, अशी चौकशी करता करता हात मात्र जनावरावर फिरत असे. नम्रता आधी जनावराकडे बघत उभ्या राहत. काही न बोलता, बराच वेळ. मग एकेक प्रश्न विचारत. माणसांची एक सवय त्यांना नेमकी कळली होती. डॉक्टरला माणसं सगळं सांगतात, आणि कामाचं तेवढं सांगायचं राहून जातं.

आदेशचं नाव झालं ते आंब्याच्या बाठ्यामुळे. एका उन्हाळ्यात भातसानगरजवळ एका गायीच्या घशात बाठा अडकला होता. आदेशनी मला एका बाजूला सरकवलं, कोपरापर्यंत हात घातला आणि बाठा काढून मालकाच्या हातावर ठेवला. गाय लगेच पाणी प्यायली. तेव्हापासून कुणाच्या जनावराने लाळ गाळली की आदेशनाच फोन.

मागच्या मे महिन्यात तसाच एक फोन आला. उंबरमाळीच्या वरच्या पाड्यातून, वाळूदादांचा.

"डाक्टर, गायीच्या गळ्यात काय तरी अडकलंय. लाळ गळते नुसती. पानी पन नाय पीत."

नम्रता त्या दिवशी मुरबाडकडे शेळ्यांना लस द्यायला गेल्या होत्या. आदेश एकटेच निघाले. गाडी रस्त्याला ठेवून मला नि पिशवीला घेऊन करवंदांच्या जाळ्यांतून पायवाटेने वर चढले. वाटेत एका काट्याने त्यांच्या मनगटाला ओरखडा काढला. तो त्यांनी विजारीला पुसला.

वाळूदादा आणि त्यांची बायको गुणाबाई यांचं घर पाड्याच्या टोकाला. मुलगा-सून आसनगावला एका गोदामात कामाला, तिथेच राहतात. नात अपेक्षा, सात वर्षांची, आजीजवळ. गाय पांढरी, एका शिंगाची. ती मान ताणून ओरडत होती आणि तो आवाज गायीचा वाटत नव्हता. गुणाबाईने सकाळपासून तिला हाताने पेज भरवायचा प्रयत्न केला होता, जिभेला हळद-मीठ चोळलं होतं.

आदेशनी मला गायीच्या दाढांत बसवलं. एवढा चाव्याचा जोर मी आठ वर्षांत कधी अनुभवला नव्हता. हातमोजा घालून त्यांनी घशात हात घातला, पण बोटांना नीट कळेना, म्हणून मोजा काढून पुन्हा घातला. पार आतपर्यंत चाचपलं.

"घसा तर मोकळा आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी बायकोला फोन लावला. फोन दगडावर ठेवून स्पीकर चालू केला, कारण हात लाळेने भरले होते.

"आवाज कसा आहे तिचा?" नम्रतांनी पहिलं हेच विचारलं.

"घोगरा. सारखी ओरडतेय."

मग त्या म्हणाल्या, "काही चावलं होतं का, विचार."

आदेशनी वाळूदादांकडे पाहिलं. वाळूदादांनी गुणाबाईकडे. गुणाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"शिमग्याच्या टायमाला कोल्हा शिरलेला गोठ्यात," ती म्हणाली. "नाकाला जरासं ओरबाडलं. हलद लावली, बरं झालं. त्याला झालं की आता दोन म्हयनं."

आदेश जागच्या जागी उभे राहिले. पिसाळलेला कोल्हा चावला तर गायही पिसाळते, आणि तिच्या लाळेत तेच विष असतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"हाताला जखम आहे?" फोनमधून प्रश्न आला.

"ओरखडा आहे."

"हात धू. साबणाने, वाहत्या पाण्याखाली. पंधरा मिनिटं. फोन बंद करू नकोस, मी वेळ लावते."

"इथं पाणी..." आदेश अडखळले. मे महिन्यात त्या पाड्याला पाणी म्हणजे खालच्या डोंगरातल्या झऱ्यावरून डोक्यावर आणलेले हंडे. खाली धरणाचं पाणी मुंबईला जातं, वर ते चढत नाही. गुणाबाईच्या दारात दोन हंडे होते, दिवसभराचे.

तिने पहिला हंडा उचलला आणि तांब्याने बारीक धार धरली. आदेश साबण चोळत राहिले. फोनमधून नम्रतांचा आवाज येत होता. "चार झाली... सात... थांबू नकोस." पहिला हंडा संपला. अपेक्षाने दुसरा पुढे ओढला.

दहा मिनिटं झाली तेव्हा नम्रता म्हणाल्या, "तुझी कॉलेजातली रेबीजची तीनही इंजेक्शनं झाली होती, ते एक बरं. आता नुसती दोन घ्यावी लागतील."

आदेशचा साबण चोळणारा हात थांबला.

"आदेश?"

"तिसरं घेतलं नव्हतं मी. परीक्षा होती. मग राहूनच गेलं."

"मी दर वर्षी विचारते तुला."

"हो."

"आणि तू हो म्हणतोस."

"हो."

पाण्याची धार चालू होती. मग कोरड्या आवाजात त्या म्हणाल्या, "बारा. अजून तीन आहेत."

माझ्याबद्दल त्यांनी शेवटी सांगितलं. "ते लाकूड घरी आणू नकोस. त्याला भेगा आहेत, धुऊन भागायचं नाही. पिशवीत बांधून तिथेच ठेव, कुणाचा हात लागणार नाही असं." म्हणून मी गोठ्याच्या वाशाला जाड पिशवीत लटकलो. गायीला कुणी शिवायचं नाही, गोठ्यात पोरीने यायचं नाही, असं बजावून आदेश लगेच दवाखाना गाठायला उतरले. माणसांचा, त्या दिवशी.

गाय रात्रंदिवस ओरडत होती. गुणाबाई दारात बसून तिच्याकडे बघायची. एकदा पाण्याचा टोप घेऊन उठली, तर वाळूदादांनी हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डॉक्टर आले. आदेशच्या मनगटाला पट्टी होती. जखमेभोवती सुया दिल्या होत्या, दंडात वेगळी. नम्रतांनी गायीकडे लांबूनच पाहिलं आणि ओटीवर बसल्या.

"मावशी, तुम्ही तिच्या तोंडात हात घातलात. दादांनीही धरलं. पोरीसकट तिघांना इंजेक्शन घ्यायला हवं. आजच."

"मला नको," गुणाबाई म्हणाली. "पोटात चौदा सुया टोचतात. माझ्या भावाला टोचलेल्या, बघितलंय मी."

"आता पोटात देत नाहीत. दंडात देतात. चार-पाचच, आणि महिनाभरात संपतात."

"गाय सोडून मी कुठं नाय जाणार."

मग आदेश तिच्यासमोर उकिडवे बसले. "मावशी, मला पण घ्यायचीत. पुढच्या तारखेला आपण एकाच गाडीतून जाऊ. बरोबर बसू."

गुणाबाईने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुमी डाक्टर असून तुमी नाय घेतली. काल फोनवर मी ऐकलं सगलं. मंग मला कशाला सांगता?"

आदेशनी मान खाली घातली.

उत्तर नम्रतांनी दिलं. "म्हणूनच सांगतोय. काल दवाखान्यातून आल्यावर मी जेवले नाही, मावशी. माझा नवरा समोर बसलेला आणि मी त्याच्या हाताकडे बघत होते. हा रोग एकदा अंगात उठला की मग जगात कुणीही काही करू शकत नाही. आज आपल्या हातात आहे. अपेक्षा गायीची धार तोंडात घ्यायची ना?"

गुणाबाईचा चेहरा उतरला. "परवापर्यंत घेत होती," ती हळूच म्हणाली. मग उठली आणि नातीला हाक मारली, "अपेक्षे, फ्राक बदल गो. खाली जायचंय."

तिघंही गेले.

गाय तिसऱ्या दिवशी दुपारी मेली. वाळूदादा आणि पाड्यातल्या चौघांनी खड्डा खणला, चुना आणला. तपासणीसाठी नमुना नेला होता, तो पुढे रेबीजचाच निघाला. गुणाबाई हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि खड्ड्यापासून दहा पावलांवर थांबली. तिला जवळ जाता येत नव्हतं.

नम्रतांनी मोजे चढवले, करंड्यातली चिमूट घेतली आणि गायीच्या कपाळाला लावली. "कुठे लावू मावशी? इथे?"

"जरा वर," गुणाबाई म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

मग नम्रतांनी वाशावरून मला सोडलं. पिशवी क्षणभर हातात धरली. "चांगलं काम केलंस रे," एवढंच म्हणाल्या आणि मला गायीशेजारी ठेवलं. वरून चुना पडला, मग माती.

तर मी आता इथे आहे, उंबरमाळीच्या माळावर, चार हात खाली. दिसत काही नाही. ऐकू मात्र येतं.

पाऊस संपल्यावर दोघं डॉक्टर पाड्यातल्या कुत्र्यांना लस द्यायला आले होते. काम आटोपून इथे वरच उभे राहिले. आदेश म्हणाले, "अजून राग आहे?"

"आहे. तू मेला असतास याचा नाही. त्याची भीती वाटली होती, ती गेली. तू इतकी वर्षं हो म्हणत राहिलास, त्याचा आहे."

"मग मी काय करू?"

"काही करू नकोस. मी विचारलं की खरं सांग. दहा वर्षं सांगितलंस की बघू."

"बरं," आदेश म्हणाले. इतक्यात गुणाबाई चहा घेऊन इथेच आली. "कोराच हाय, दूध नाय," म्हणाली. चहा पिता पिता तिने विचारलं, "डाक्टरीनबाई, मला एखादी कालवड बघून द्याल?"

"म्हशाच्या यात्रेत गुरांचा बाजार भरतो, तिथे बघू," नम्रता म्हणाल्या.

पौषात म्हशाची यात्रा झाली. त्यानंतर चार दिवसांनी माझ्या डोक्यावर नवी पावलं वाजू लागली. हलकी, चारच महिन्यांच्या कालवडीची. अपेक्षा तिच्यामागे पळते, वाळूदादा दोघींना ओरडतात. सगळे धडधाकट आहेत.

मला वाळवी लागली आहे. पावसाळ्यापर्यंत मी टिकेन असं वाटत नाही, आणि तक्रारही नाही. जाता जाता एकच सांगणं आहे. मुक्या जनावराला काय झालं ते त्याला सांगता येत नाही. तुम्हाला येतं. ओरखडा असो, चावा असो, किंवा राहून गेलेलं इंजेक्शन असो, विचारायच्या आधी सांगा. हळद लावून गप्प बसू नका.

कालच गुणाबाईचा आवाज ऐकला. रेंज मिळावी म्हणून ती माळावर उभी राहून, ओरडून फोनवर बोलत होती.

"डाक्टरीनबाई, कालवडीच्या नाकाला लागलंय. काटा असंल नायतर दुसरं काय असंल, मला ठावं नाय. मी बघितलं नाय, म्हनून खोटं नाय बोलत. हात पन नाय लावला."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून नम्रता म्हणाल्या, "चांगलं केलंत. बांधून ठेवा, आम्ही दोघंही येतो."

गुणाबाईने फोन ठेवला आणि अपेक्षाला हाक मारली, "चल गो, झऱ्यावरनं दोन हंडे आनू."