अक्काची झडप

डॉक्टर भावंडांत सगळ्यांत लहान, म्हणून वयाची साठी उलटली तरी घरच्यांसाठी ते ‘धाकटा’च राहिले. हॉस्पिटलात मात्र वॉर्डबॉयपासून अधीक्षकांपर्यंत सगळे त्यांना ‘मोठे सर’ म्हणत. धाकटा आणि मोठे सर यांची गाठ सहसा पडत नसे. घरचं कुणी आजारी पडलंच, तर डॉक्टर त्याला ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवून मोकळे होत. घरच्या माणसांची छाती ऐकायची नाही, हा त्यांचा जुना नियम होता.

अरुंद झालेली हृदयाची झडप छाती न उघडता रुंद करायची, यात त्यांचा हातखंडा होता. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर सरकवत हृदयात न्यायची, दोन कप्प्यांमधला पडदा सुईनं टोचून पलीकडे जायचं आणि अरुंद झडपेत नेमका फुगा फुगवायचा. ही पद्धत त्या हॉस्पिटलात आणली ती त्यांनीच. तेव्हाचे विभागप्रमुख नाक मुरडून म्हणाले होते, की फुगेच फुगवायचे असतील तर पोरांच्या वाढदिवसाला जा. पुढे त्याच प्रमुखांनी आपल्या विहीणबाईंना गपचूप त्यांच्याकडे आणून दाखवलं, आणि तिथून डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं नाही.

सत्कारसमारंभांत एक गोष्ट हमखास सांगितली जाई. डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीला लहानपणी सांधे सुजून मोठा ताप आला होता, त्या तापानं हृदयाच्या झडपा खराब होतात, आणि म्हणूनच या भावानं हृदयाचा ध्यास घेतला. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत. खरं तर डॉक्टरांना हाडांचा डॉक्टर व्हायचं होतं. तिथली जागा हुकली आणि हृदयाची तेवढी शिल्लक होती. हे फक्त अक्काला ठाऊक होतं. पहिल्या रांगेत बसून ती ही गोष्ट चेहऱ्यावरची रेघही न हलवता ऐके, आणि घरी गेल्यावर विचारी, “काय रे, तुझं गुडघ्यांवरचं प्रेम अगदीच आटलं का?”

आई लवकर गेली, तेव्हा अक्का स्वतःच शाळेत होती. तरी धाकट्याच्या वेण्याफण्या सोडून बाकी सगळं तिनं केलं, असं ती म्हणे. पुढे तिनं कोर्टात लघुलेखिका म्हणून नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत न्यायाधीशांचे निकाल टाइप केले. त्यामुळे लांबण तिला खपत नसे. कुणी पाल्हाळ लावला की ती म्हणे, “निकाल काय तो सांगा.”

तिचं दुखणं पकडलं ते डॉक्टरांच्या बायकोनं. अक्का आणि भाऊजी रविवारी जेवायला येत. एकदा ते दोघे गेल्यावर बायको भांडी आवरताना म्हणाली, “अक्का हल्ली प्रत्येक जिन्याला मध्येच थांबून पर्समध्ये काहीतरी शोधतात. एवढं काय असतं हो त्या पर्समध्ये?”

डॉक्टरांच्या हातातला पेला हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला नियम मोडला आणि हॉस्पिटलात बोलावून अक्काच्या छातीला नळी लावली. ऐकायला फार वेळ लागला नाही. लांबून जड गाडी जावी तशी घरघर, हजारदा ऐकलेली. फक्त या वेळी ती अक्काच्या पदराआडून येत होती.

“निकाल?” अक्कानं विचारलं.

डावीकडची झडप बरीच अरुंद झाली आहे, ती फुग्यानं मोकळी करावी लागेल, आणि पुढच्याच आठवड्यात मी करतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. अक्कानं पदर सारखा केला.

“फुगा घालायचा तर घाला. पण तू नाही. ती तुमची छोटी मॅडम करेल.”

छोटी मॅडम म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली तयार झालेली डॉक्टर. चाळिशीला आलेली, एका मुलीची आई, पण मोठे सर असेपर्यंत ती छोटीच राहणार होती. त्या दिवशी तपासणीआधी ती अक्काच्या खाटेवर बसून गप्पा मारत होती, तेवढ्यात अक्कानं तिची पुरती उलटतपासणी घेऊन टाकलेली. डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं. मॅडमचा हात चांगला आहे, पण अवघड केस तिनं आजवर एकटीनं केलेली नाही, आपण नेहमी मागे उभे असतो, वगैरे.

“मग आता करेल,” अक्का म्हणाली. “हे बघ धाकट्या. तुझ्या हातून मी गेले, तर तू उरलेलं आयुष्य धड जेवणार नाहीस. आणि वाचले, तर मला जन्मभर ऐकवशील. मला दोन्ही नको. तू बाहेर यांच्याजवळ बस. हे एकटे बसले तर काळजीनं चष्म्याच्या काचा पुसून पुसून झिजवतील.”

भाऊजींचं चष्म्यांचं दुकान होतं. ते मान खाली घालून खरोखरच चष्मा पुसत होते.

ठरल्या दिवशी सकाळी अक्काला आत नेलं आणि डॉक्टर बाहेरच्या बाकावर बसले. आपल्याच विभागातला हा बाक त्यांनी येता-जाता रोज पाहिला होता, पण त्यावर टेकण्याची वेळ कधी आली नव्हती. बाक भिंतीपासून सुटा होता, त्यामुळे पाठ टेकायला गेलं की तो मागे सरके आणि करकरे. समोर दार आणि दारावर लाल दिवा. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. येणारे-जाणारे मोठ्या सरांना तिथं बसलेलं पाहून दचकत आणि नमस्कार करून पाय उचलत.

भाऊजी थोड्या थोड्या वेळानं विचारत, आता काय चाललं असेल? पहिल्यांदा गाडीत बसलेला माणूस पुढचं स्टेशन कुठलं म्हणून विचारतो, तसे. डॉक्टर सांगत. आता मांडीला भूल दिली असेल. आता नळी वर सरकत असेल. अक्का जागीच असेल, त्यांच्याशी बोलतही असेल. यावर भाऊजी हसले. बोलत असेल याबद्दल त्यांना शंका नव्हती. आता पडदा टोचतील. आता फुगा.

पण फुग्याची वेळ होऊन गेली आणि दार काही उघडलं नाही. आणखी थोडा वेळ गेला. मग दार उघडलं आणि एक सिस्टर बाहेर आली. ती धावत नव्हती. त्या विभागात धावत कुणीच जात नाही. फार अडलं तर झपझप चालतात. ती तशी गेली आणि सोनोग्राफीचं चाकांचं यंत्र ढकलत परत आली. डॉक्टरांकडे तिनं पाहिलं नाही.

ते यंत्र मध्येच का मागवतात, हे डॉक्टरांनीच त्या सगळ्यांना शिकवलं होतं. ते उठले. चार ढांगांत दारापाशी पोहोचले आणि मुठीवर हात ठेवला. दार ढकलायचा अवकाश होता. आता विभागप्रमुख तेच होते, त्यांना अडवणारं तिथं कोण होतं? आतून मॅडमचा आवाज अस्पष्ट येत होता. एकेक शब्द, सावकाश, चढ-उतार नसलेला. असा आवाज त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ते मागे उभे असले की ती प्रत्येक पायरीला मान वळवून त्यांच्याकडे बघे, त्यांची मान हलली की पुढे जाई. हा आदर आहे, असंच ते इतकी वर्षं धरून चालले होते. आता त्यांच्या मनात आलं, आपण आत गेलो तर ती वळून बघणार. आणि आत्ता तिनं वळून बघता कामा नये.

मुठीवरचा हात काढायला त्यांना फार जड गेलं. ते परत येऊन बसले. बाक करकरला.

भाऊजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. “काहीतरी बिनसलंय. तुला सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण खोटं सांगू नकोस.”

नातेवाइकांशी काय बोलायचं, याची वाक्यं डॉक्टरांच्या तोंडात घडी करून ठेवलेली असत. आमचे प्रयत्न चालू आहेत, थोडा वेळ लागेल. त्यांतलं एकही आता बाहेर पडेना.

“सुई जाताना हृदयाच्या बाहेरच्या भिंतीला थोडं लागलं असावं,” ते म्हणाले. “हृदयाभोवती रक्त साठतंय. त्यानं हृदय दाबलं जातं. ते रक्त नळीनं काढून टाकावं लागतं.”

“काढता येतं?”

“येतं.”

“तिला येतं?”

“हो,” डॉक्टर म्हणाले. “तिला येतं.” आणि बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण हे भाऊजींचं समाधान करायला म्हटलेलं नाही.

भाऊजींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला तो तसाच राहू दिला. मेहुण्याशी आपलं तीस-पस्तीस वर्षांत हवापाण्यापलीकडे बोलणं झालेलं नाही, हे डॉक्टरांना तेव्हा जाणवलं, आणि त्याचं वाईट वाटायलाही त्या घटकेला सवड नव्हती.

दिवा विझला. मॅडम बाहेर आली. टोपी काढलेली, कपाळावर तिचा वळ. दारात उभं राहून दोन वाक्यं सांगून जाण्याऐवजी ती सरळ येऊन बाकावर बसली, भाऊजींच्या पलीकडे, आणि त्यांच्याकडे वळून बोलू लागली. रक्त साठलं होतं, ते काढलं. आता अक्का शुद्धीवर आहेत, रक्तदाब ठीक आहे, आजची रात्र अतिदक्षतेत ठेवू. झडप मात्र अजून तशीच आहे.

मग तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. “सर, मी थांबले.”

सगळं स्थिर झालं होतं तर पुढे जाऊन फुगा घालता आला असता, हे डॉक्टरांच्या जिभेवर आलं होतं. ते असते तर पुढे गेले असते. ते नेहमीच जात, आणि बहुतेक वेळा निभावत असे. आजही निभावलं असतं का, ते सांगता येत नव्हतं. ते कुणालाच सांगता येत नाही. मॅडम उत्तराची वाट बघत होती, पण मान हलण्याची नव्हे. निर्णय तिचा घेऊन झाला होता.

“बरं केलंस,” डॉक्टर म्हणाले. शब्द जरा अडखळत आले.

“तिला भेटता येईल?” भाऊजींनी विचारलं, आणि ती त्यांना आत घेऊन गेली.

डॉक्टर संध्याकाळी गेले. अक्का उशांना टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक, पण नजर नेहमीची.

“निकाल?”

“तहकूब,” डॉक्टर म्हणाले.

अक्काला हसू आलं आणि छातीत कळ येऊन ते मध्येच थांबलं. “पुढची तारीख?”

“मॅडम देईल.”

मॅडमनं महिन्याभरानंतरची तारीख दिली. मधल्या काळात हॉस्पिटलात काही गोष्टी बदलल्या, गाजावाजा न होता. डॉक्टर अवघड केसच्या वेळी तिच्या मागे उभे राहीनासे झाले. बाह्यरुग्ण विभागात बसत, बोलावलं तर जात. पहिले काही दिवस त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळत नसे. सिस्टर आपापसांत म्हणाल्या, मोठ्या सरांची तब्येत बरी नाही वाटतं.

अक्काच्या तारखेच्या दिवशीही ते आपल्या खोलीत एका आजोबांना गोळ्यांच्या वेळा समजावत होते, तेव्हा निरोप आला. मॅडमनं आत बोलावलंय. डॉक्टर गोळ्यांच्या वेळा अर्ध्यावर सोडून उठले. झगा चढवून ते आत गेले, तर मॅडम शांतपणे नळी धरून उभी.

“सर, अक्कांचं नाक खाजतंय,” ती यंत्राच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “आमच्या कुणाचेच हात मोकळे नाहीत. आणि त्या ऐकत नाहीत.”

“मघापासून सांगतेय,” गळ्यापर्यंत चादरीत गुंडाळलेली अक्का म्हणाली.

डॉक्टर टेबलाला वळसा घालून तिच्या डोक्यापाशी गेले आणि त्यांनी तिचं नाक खाजवलं. टेबलाच्या या बाजूला ते कधी उभे राहिलेच नव्हते. इथून नळ्या दिसत नव्हत्या, पडदा तिरपा दिसत होता. समोर होता तो उलटा चेहरा. कपाळावरच्या आठ्या, कानामागे ओघळलेलं घामाचं पाणी, आणि दर श्वासाला मानेत ताणली जाणारी एक शीर. ती शीर बिचारी किती दिवस अशी राबत असेल, कोण जाणे.

“अक्का, आता थोडं गरगरेल,” मॅडम म्हणाली. “फुगा फुगवतेय.”

पडद्यावर काय दिसत असेल ते डॉक्टरांना पाठ होतं. आयुष्यभर तो क्षण त्यांनी तिथंच पाहिला होता. या वेळी त्यांनी मान वर केली नाही. अक्कानं डोळे गच्च मिटले. मग हळूहळू कपाळ सैल झालं. तिनं एक श्वास घेतला आणि तो आत जातच राहिला. मानेतली शीर दिसेनाशी झाली.

मॅडमनं दाबाचे आकडे मोठ्यानं वाचले. चांगले होते.

“झालं?” अक्कानं डोळे उघडले. “मग तू इथं माझ्या डोक्याशी काय उभा राहिलायस? बाहेर जा. हे एकटेच बसलेत.”

डॉक्टर बाहेर आले आणि भाऊजींच्या शेजारी बसले. निकाल एका शब्दात सांगता आला असता, आणि तो त्यांनी आधी सांगितलाही. मग भाऊजींनी विचारलं, नक्की काय काय झालं, आणि डॉक्टर अगदी सुरुवातीपासून सांगू लागले.